व्हीटीचा जुना फोटो नक्की कधीचा, हे कसं ओळखायचं

दर 16 एप्रिलला ग्रुपवर व्हीटीचा, म्हणजे मुंबईच्या आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा, एखादा ब्लॅक अँड व्हाइट फोटो फिरतोच आणि खाली लिहिलेलं असतं "1853, पहिली रेल्वे". ते शक्यच नाही हो. पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली तेव्हा ही इमारत नव्हतीच, वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या डिझाइनवरून तिचं काम 1878 ला सुरू झालं आणि 1888 ला पूर्ण झालं. म्हणून आधी कॅप्शन विसरा आणि फोटो झूम करा.

सुरुवात रस्त्यापासून करा, कारण इमारत समोरून फारशी बदलली नाही, रस्ता मात्र सारखा बदलत गेला. ट्रामला घोडे जुंपलेले असतील तर फोटो 1907 च्या आधीचा, त्या वर्षी विजेची ट्राम आली. डबलडेकर ट्राम दिसली तर 1920 किंवा नंतरचा, डबलडेकर बस असेल तर 1937 किंवा नंतरचा, आणि ट्राम कुठलीही असो, 31 मार्च 1964 ला ती मुंबईतून बंदच झाली. प्लॅटफॉर्मचा फोटो असेल तर वरच्या वायरी शोधा. 3 फेब्रुवारी 1925 ला इथून कुर्ल्यापर्यंत हार्बर लाइनवर देशातली पहिली विजेची गाडी धावली. पण वायर नाही म्हणून लगेच 1925 च्या आधीचा ठरवू नका, मेन लाइनवर वीज नंतर आली.

आता सगळ्यात भारी खूण. दर्शनी भागात मोठं घड्याळ आहे ना, त्याच्या खालच्या कोनाड्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता आणि तो स्वातंत्र्यानंतर काढला. कोनाडा आजही तसाच रिकामा आहे. राणी दिसली की फोटो जुना, कोनाडा रिकामा की नंतरचा, फक्त स्कॅन चांगला हवा नाहीतर तिथे नुसती सावली दिसते.

फोटो उलटा छापलाय का हेही बघून घ्या, जुन्या काचेच्या निगेटिव्हचं असं होतं. घुमटावरच्या 'प्रगती'च्या पुतळ्याच्या उजव्या हातात मशाल आहे आणि डाव्या हाताशी चाक. मशाल तिच्या डाव्या हातात दिसली तर फोटो फ्लिप करा, मग घड्याळाचे आकडेही सरळ होतील.

पोस्टकार्ड असेल तर मागची बाजू सोडू नका. शिक्का वाचता आला तर उत्तमच, नाहीतर तिकिटावर कोण आहे बघा, ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड असेल तर कार्ड 1902 च्या आधी पोस्टात पडलेलं नाही. फोटो त्याहून जुना असू शकतो कारण तेच चित्र वर्षानुवर्षं छापायचे. आणि रंगीत कार्डावरच्या रंगांवर अजिबात भरवसा ठेवू नका, ते हाताने भरलेले असायचे.

एवढं झालं की प्रिंट घेऊन प्रत्यक्ष जा, रविवारी सकाळी गेलात तर बरं, गर्दी कमी असते. महापालिकेच्या कोपऱ्यावर उभं राहून जुळवा. गेटच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, सिंह ब्रिटनचा आणि वाघ आपला. भिंतीवर दगडात कोरलेले चेहरे आहेत त्यात नाना शंकरशेट आणि सर जमशेदजी जीजीभॉय शोधा, रोज लाखो लोक त्यांच्यासमोरून जातात आणि कुणी मान वर करून बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पानं, पक्षी, प्राणी यांचं बरंचसं कोरीवकाम जेजे स्कूल ऑफ आर्टच्या मुलांनी केलंय, ते जवळून बघा, एका खांबावरची पानं दुसऱ्यासारखी नाहीत. मग आत तिकीट खिडक्यांच्या हॉलमध्ये जाऊन छत बघा, तिथे चांदण्या आहेत म्हणून त्याला स्टार चेंबर म्हणतात. मोबाइलवर फोटो काढणार असाल तर ठीक, ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी विचारा.

घरात आजोबांचा व्हीटीसमोरचा फोटो असेल तर मूळ फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा, मागे लिहिलेलं असेल तर तेही, आणि अल्बमला चिकटला असेल तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.