ताण मोजताना आणि उतरवताना या चुका टाळा

‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला फुकट मिळतो आणि तेवढ्याच उपयोगाचा असतो. कारण टेन्शन हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. पहिली, बाहेरचं कारण: घराचा हप्ता, आईचं आजारपण, साहेबांचा रात्री दहाला आलेला मेसेज. दुसरी, शरीरात उठणारी प्रतिक्रिया: धडधड, आखडलेली मान, पोटात गोळा. तिसरी, डोक्यातलं चक्र: ‘नाही जमलं तर?’ तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. हप्त्यावर प्राणायाम केला म्हणून हप्ता कमी होत नाही, आणि पाच तासांच्या झोपेमुळे होणारी धडधड सकारात्मक विचारांनी थांबत नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: दुखणं एका जागी आणि मलम दुसऱ्याच.

धडधड म्हणजे ताणच, हे गृहीत धरणं

ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की थंडी, इजा, विषारी द्रव्य असं कारण काहीही असलं तरी शरीरात साधारण तेच बदल होतात: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. थोडक्यात, शरीराच्या लक्षणांवरून कारण ओळखता येत नाही. वाढलेला थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, सहा कप चहा, या सगळ्यांनी हुबेहूब ‘टेन्शनसारखी’ धडधड आणि थरथर होते. महिनाभर त्रास चालला असेल तर सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींसाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या दोन साध्या रक्ततपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, घाम, दम लागणं यांना ‘गॅस’ किंवा ‘टेन्शन’ म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करून आधी ईसीजी. मधुमेह असेल तर कळ नसतानाही.

प्रश्नावली भरली, पण गुण उलटे धरले

ताण मोजायला सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे पीएसएस-१० (पर्सिव्ड स्ट्रेस स्केल, म्हणजे स्वतःला जाणवणाऱ्या ताणाची पट्टी). मूळ प्रश्नावली १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी मांडली. पीएसएस-१० मध्ये दहा प्रश्न, गेल्या एका महिन्याबद्दल, प्रत्येकाला ० (कधीच नाही) ते ४ (फार वेळा) गुण. मेख अशी, की ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न चांगल्या बाजूचे आहेत (‘गोष्टी मनासारख्या चालल्यात असं वाटलं का?’ अशा धर्तीचे). त्यांचे गुण उलटे धरायचे: ० ला ४, १ ला ३, २ ला २, ३ ला १, ४ ला ०.

हे विसरलं की काय होतं पाहा. एकाने सहा वाईट प्रश्नांना १-१ आणि चार चांगल्यांना ३-३ दिले. सरळ बेरीज १८, खरी १०. दुसऱ्याने वाईटांना ३-३, चांगल्यांना १-१ दिले. सरळ बेरीज २२, खरी ३०. म्हणजे एक निवांत माणूस आणि एक पार पिचलेला माणूस, न उलटवता दोघेही ‘मध्यम’च दिसतात.

० ते १३ कमी, १४ ते २६ मध्यम, २७ ते ४० जास्त असे गट रूढ आहेत. हे निदान नव्हे, स्वतःची स्वतःशी तुलना करण्याची पट्टी आहे. भांडण झालेल्या रात्री भरू नका; त्या रात्री अख्खा महिनाच काळा दिसतो.

आकडा किती ते कळलं, कशामुळे ते कळायला वही लागते. दहा दिवस, दिवसातून दोन-तीनदा, एका ओळीत: वेळ, काय चाललं होतं, शरीरात कुठे जाणवलं, ताण ० ते १० पैकी किती, आणि आधीच्या दोन तासांत काय खाल्लं-प्यालं. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं. दुपारी बाराची चिडचिड साहेबांमुळे नसून सकाळपासून फक्त दोन चहांवर असल्यामुळे निघते.

घरी बीपीचं यंत्र असेल तर एक सूचना. जिना चढून आल्याआल्या, बोलताबोलता, लघवी तुंबवून मोजलेला आकडा धरू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीत. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि यंत्र ठेवून द्या. आकडा वाढला म्हणून धास्तीने लगेच पाचव्यांदा मोजलं की तो अजून वाढतो.

‘मोठा श्वास घे’

घाबरलेल्या माणसाला सगळे हेच सांगतात, आणि तो जोरजोरात छातीभर श्वास घेऊ लागतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, गरगरणं, छाती आवळल्यासारखं वाटणं सुरू होतं. ते पाहून भीती वाढते, भीतीने श्वास अजून वाढतो.

श्वास मोठा नको, संथ हवा. एक हात पोटावर ठेवा. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. हात हलला पाहिजे, खांदे नाहीत. दम अपुरा पडला तर ३ आणि ४ ने सुरुवात करा. धडधड चालू असताना कपालभाती किंवा भस्त्रिका नको. ते जलद प्रकार आहेत. आणि सराव साध्या दिवशी करा. पोहणं कुणी पुरात शिकत नाही.

काळजी अंथरुणात नेणं

काळजी करू नको म्हटल्याने ती जात नाही, पण तिला वेळ ठरवून देता येते. संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, बसून, कागदावर. प्रत्येक काळजीपुढे एकच प्रश्न: यात माझ्या हातातलं पुढचं पाऊल कोणतं? ‘कर्जाचं टेन्शन’ हे पाऊल नाही. ‘मंगळवारी ११ वाजता बँकेत जाऊन हप्त्याची तारीख पगारानंतर घेता येईल का विचारणे’ हे पाऊल आहे. पाऊल सापडलं नाही तर ती ओळ उद्याच्या साडेसहावर ढकला. रात्री दोनला तीच काळजी परत आली तरी तिची नोंद झालेली असते.

वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात बसा, झोप आली की परत जा. घड्याळ बघू नका. रविवारी अकरापर्यंत लोळलं की त्या रात्री झोप लांबते आणि सोमवार अर्धवट झोपेवर उगवतो. उठण्याची वेळ रोजची ठेवा. कॅफिन शरीरातून अर्धं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून सहाच्या चहाचा निम्मा अंमल अकराला शिल्लक असतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेजाऱ्यांच्या किंवा नातेवाइकांच्या पट्टीतली अल्प्राझोलामची (चिंता शमवणाऱ्या औषधाची) गोळी. पहिल्या रात्री छान वाटतं, काही आठवड्यांत सवय लागते. रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका; झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करतात.

दोन आठवडे रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, कामाला हात लागत नाही, तर हे वहीने सुटणारं नाही; मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा होत असेल तर थांबूच नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो.

बाकीच्यांनी पीएसएस चार आठवड्यांनी पुन्हा भरा. दर रविवारी भरून उपयोग नाही, कारण प्रश्न महिन्याचे आहेत. आकडा हलला नाही तर उपाय बदलण्याआधी वही काढा आणि ताण ७ च्या वर नोंदवलेल्या ओळी पाहा. त्या एकाच माणसाभोवती किंवा एकाच वेळेभोवती गोळा झाल्या असतील तर श्वासाची मिनिटं वाढवू नका, बोलायचं त्या माणसाशी आहे किंवा बदलायची ती वेळ आहे. विखुरलेल्या असतील तर झोपेचे तास मोजायला घ्या.