पहिल्या चार प्रती बाजूला काढा

फोंड्यातल्या एका लहान मराठी प्रकाशनसंस्थेत मी काम करते. या व्यवसायात नव्यानं येणारी मुलं आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), मुखपृष्ठ, वितरकाचं कमिशन असं बरंच विचारतात. ग्रंथालयांना द्यायच्या प्रतींचं मात्र कुणी विचारत नाही, म्हणून तेवढंच सांगते.

1954 च्या कायद्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत त्याची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईची कोन्नेमारा लायब्ररी, मुंबईची सेंट्रल लायब्ररी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथं पोचवायची असते. प्रतीही आपल्या, टपालखर्चही आपला. कोलकात्याला जाणारी प्रत तर सर्वांत चांगल्या कागदावरची, नकाशे-चित्रांसह, नीट बांधलेली हवी. लेखक स्वतःच पुस्तक काढत असेल तर ही जबाबदारी त्याची. काहीही बदल न करता पुन्हा छापलेल्या पुस्तकाला सूट आहे, पण पहिली आवृत्ती दिलेली असेल तरच.

लहान प्रकाशकाला हे जड जातं. 200 प्रतींच्या कवितासंग्रहाला चार आणि 20,000 प्रतींच्या पाठ्यपुस्तकालाही चारच, हे मला अन्यायाचं वाटतं. 1,200 रुपये किमतीच्या रंगीत चित्रांच्या पुस्तकाच्या चार प्रती म्हणजे छापील किमतीनं 4,800 रुपये, वर टपाल. निदान टपाल तरी सरकारनं उचलावं. मूळ कायद्यातला दंड जेमतेम 50 रुपयांपर्यंत आणि न दिलेल्या पुस्तकाची किंमत. त्यामुळे अनेकजण सरळ टाळतात.

तरीही पाठवा. गोव्यातली मराठी पुस्तकं थोडक्या प्रतींत निघतात, दुसरी आवृत्ती क्वचितच होते. उद्या एखाद्या अभ्यासकाला पेडण्याच्या दशावतारावरचं आपलं पुस्तक हवं असेल, तर लेखकाच्या घरातल्या कपाटाखेरीज ते कुठंतरी सापडायला हवं ना?

आम्ही या प्रती छपाईच्या अंदाजपत्रकातच धरतो, टपालासकट. पुस्तकाची किंमत त्यानंतर ठरते. खर्च कुणाचा, हे लेखकाशी करार करतानाच लिहून घ्या, नाहीतर पुढे कटुता येते. बाइंडरकडून गठ्ठे आले की आधी कोलकात्याची निर्दोष प्रत निवडा, समारंभाच्या भेटप्रती नंतर. लेखी पोच देणं ग्रंथालयाला बंधनकारक आहे. आली नाही तर पत्र लिहून मागा आणि पुस्तकाच्या फाइलला लावा.

पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय त्या चौघांत नाही. 1832 पासूनची ही संस्था आपली आहे, म्हणून पाचवी प्रत आम्ही तिच्या पाटो भागातल्या इमारतीत स्वतः नेऊन देतो.