नागपुरात नवे आलात? आधी खोली, मग बिल्ड

मी मूळचा सांगलीकडचा, नागपुरात अकरा वर्षं झाली. दर जूनमध्ये नोकरीसाठी आलेली दोन-चार पोरं शनिवारी माझ्याकडे जमतात, ओपन सोर्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हातभार लावायला. प्रश्न दोनच असतात: खोली कुठं घेऊ, आणि डॉक्युमेंटेशनची वेब पानं बनवणारी 'मेक एचटीएमएल' ही कमांड चालत का नाही?

खोलीचं लवकर सांगतो. वरचा मजला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा 45 च्या वरही जातो आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. कुलर लावाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा; बंद खोलीत नुसती चिकचिक होते. आणि कुणी 'काऊन बे?' म्हटलं तर रागावू नका, तो फक्त 'का रे?' विचारतोय.

आता बिल्ड, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींपासून वाचायची पानं तयार करणं. बहुतेक प्रकल्पांत स्फिंक्स भेटेल. हेच काम करणारं, पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्याच डॉक्ससाठी 2008 मध्ये आलेलं साधन. 'स्फिंक्स-बिल्ड सापडत नाही' असं आलं तर दहातल्या आठ वेळा त्या टर्मिनलमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) चालू केलेलं नसतं. टर्मिनल नवीन उघडलं की ते पुन्हा चालू करावं लागतं. चिडून सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) चालवू नका. उबुंटू 24.04 तर एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर पिपनं काही बसवूच देत नाही, आणि ते बरंच आहे.

पुण्याहून जुन्या लॅपटॉपवरचं सगळं फोल्डर उचलून आणणाऱ्यांची गंमत वेगळी. एन्व्हायर्नमेंटच्या पोटात जुन्या जागेचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. फोल्डर हलवलं की ते आपलं जुन्याच घराचं दार ठोठावत बसतं. ते दुरुस्त करत बसू नका. पुसा आणि रिक्वायरमेंट्स फाइलमधल्या पॅकेजेसच्या यादीवरून नवीन करा, पाच मिनिटांचं काम.

माझ्या दोन रात्री मात्र दुसऱ्याच गोष्टीनं खाल्ल्या. 2022 च्या मार्चमध्ये जिंजाची (स्फिंक्स पानांच्या साच्यांसाठी वापरतं त्या लायब्ररीची) 3.1 आवृत्ती आली आणि तिनं जुन्या स्फिंक्सला लागणारं 'एन्व्हायर्नमेंटफिल्टर' काढून टाकलं. माझ्या प्रकल्पात स्फिंक्सची जुनी आवृत्ती बांधून ठेवलेली, जिंजा मोकळं, म्हणजे नवीन येईल ते घेणारं. काल चाललेलं आज बंद, आणि मी आपला स्वतःच्या आरएसटी फाइलमध्ये (स्फिंक्सला द्यायच्या मजकुराच्या फाइलमध्ये) स्वल्पविराम शोधतोय! उपाय एका ओळीचा होता: स्फिंक्स 4.0.2 च्या वर न्या, नाहीतर जिंजा 3.1 च्या खाली ठेवा. तेव्हापासून फाइलला हात लावण्याआधी मी 'पिप फ्रीझ' (बसवलेल्या पॅकेजेसच्या आवृत्त्यांची यादी) बघतो. तुम्हीही नवा प्रकल्प उतरवला की एक अक्षर न बदलता आधी एकदा बिल्ड करा. मग पुढं काही मोडलं तर ते तुमच्यामुळं की आधीपासूनचं, हे तरी कळेल.

बऱ्याच प्रकल्पांत डब्ल्यूचा पर्याय लावून वॉर्निंगलाही एरर धरतात. शेवटची ओळ वाचून काही कळणार नाही, वर जाऊन पहिली वॉर्निंग शोधा. बहुधा नवं पान कुठल्याच टॉकट्रीत (पानांच्या अनुक्रमणिकेत) घेतलेलं नसतं, किंवा शीर्षकाखालची रेघ आखूड पडलेली असते. रेघ लांब झाली तरी चालते. नवं पान टाकूनही बाकी पानांच्या कडेच्या यादीत ते दिसत नसेल तर 'मेक क्लीन' करून (आधी बनलेली पानं पुसून) पुन्हा बिल्ड करा. स्फिंक्स फक्त बदललेल्याच फाइली पुन्हा घेतं.

मराठी मजकुराची पीडीएफ काढायची तर कॉन्फ-पाय या सेटिंग्जच्या फाइलमध्ये लॅटेकचं (पीडीएफची पानं जुळवणाऱ्या प्रणालीचं) इंजिन झीलॅटेक करा. न सांगता ते पीडीएफलॅटेक घेतं आणि देवनागरी पाहिली की बसतं. फॉन्टही देवनागरीचा द्या, आणि लिपी देवनागरी आहे हे त्याला स्पष्ट सांगा, नाहीतर जोडाक्षरं सुटी सुटी पडतात.

अडलात तर ग्रुपवर नुसतं 'भाऊ, चालून नाही राहिलं' टाकू नका. कोणती सिस्टीम, पायथन आणि स्फिंक्स कितवं, कुठली कमांड दिली आणि पहिली एरर काय, हे लिहा. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करा.

शनिवारी दहाला या. तर्री-पोहे खाऊनच या, पण माझ्या कीबोर्डला लावण्याआधी हात धुवा.