पासपोर्ट रिन्यू करताय? या चुका टाळा, बडोदेकरांनी तर जरा जास्तच

फाईल अडकली की लोक म्हणतात कागद कमी पडले. कागद कुठे कमी असतात हो, पिशवी भरून असतात, पण एकावरचं नाव दुसऱ्याशी जुळत नाही ही खरी गोची. त्यात आपल्याकडे भाई आणि बेन. समजा जुन्या पासपोर्टवर सुनंदा आहे, नवऱ्याचं नाव वसंत. आधार काढताना ऑपरेटरने सवयीने सुनंदाबेन टाइप केलं, वसंतचं वसंतराव झालं, बँकेच्या पासबुकावर आडनाव आधी आणि पुढे नुसती इनिशियल्स. दांडिया बाजारात सगळे काकूंना ओळखतात, पण काउंटरवरच्या माणसाला या तीन वेगळ्या बायका दिसतात आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

त्यामुळे अपॉइंटमेंट नंतर, आधी सगळे कागद टेबलावर मांडून स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. बहुतेक वेळा पासपोर्टवरचं नाव तसंच ठेवून आधार दुरुस्त करणं सोपं जातं, कारण पासपोर्टवर नाव बदलायचं म्हणजे जाहिरात, गॅझेट असली झंझट मागे लागू शकते. आणि हे जुना पासपोर्ट चालू आहे तोवरच उरका, कारण आधारवरचं नाव बदलायला चालू पासपोर्ट पुरावा म्हणून चालतो, मुदत संपली की तो उपयोग गेला. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा पावतीवरचं स्पेलिंग तिथेच उभं राहून वाचा, घरी येऊन नको.

पासपोर्टच्या सरकारी पोर्टलवर रिन्यू शोधत बसू नका, तिथे त्याला री-इश्यू म्हणतात. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, तरी लोक तिकीट काढल्यावर जागे होतात, आणि बरेच देश सहा महिने व्हॅलिडिटी शिल्लक मागतात हे तर एअरपोर्टवर कळतं. संपून तीन वर्षं उलटली असतील तर फॉर्ममध्ये त्याचा पर्याय वेगळा आहे, तो बघून टिक करा.

री-इश्यूचं कारण निवडताना अजून एक घोळ होतो. वाडीतलं घर सोडून मांजलपूरला फ्लॅट घेतला, पण टिक मारली फक्त मुदत संपल्याची. पत्ता बदललाय तर माहितीत बदल हेही निवडायला लागतं, आणि नव्या घरी एक वर्ष पूर्ण नसेल तर आधीचा पत्ताही द्यायचा. पोलीस व्हेरिफिकेशन निघालं तर ते सध्याच्या पत्त्यावर येतं, तेव्हा ‘जुनाच पत्ता ठेवू, कोण विचारतंय’ ही हुशारी करू नका.

फी साधी आहे, मोठ्यांना 36 पानांचे 1500 रुपये, 60 पानांचे 2000, तत्काळ हवं तर वर 2000. कोणी वेबसाइटवर यापेक्षा जास्त मागत असेल तर पत्ता gov.in ने संपतो का ते बघा, सर्चमध्ये वरती येणाऱ्या जाहिराती हुबेहूब सरकारी दिसतात.

पासपोर्ट सेवा केंद्रावर जाताना जुना पासपोर्ट ओरिजिनल, आणि त्याच्या पहिल्या दोन, शेवटच्या दोन पानांची सही केलेली झेरॉक्स. मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात, मागे पांढरा पडदा असतो म्हणून पांढरा शर्ट नको. तिथल्या पहिल्या, म्हणजे ‘A’ काउंटरवर तुमची माहिती स्क्रीनवर दाखवतात तेव्हा लोक घाईत मान डोलवतात आणि मग पुस्तिका हातात आल्यावर बोंब. चष्मा काढून ठेवला असेल तर परत लावा आणि नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव मोठ्याने वाचा, मागच्या रांगेतल्याने उसासा टाकला तर टाकू दे.

पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि तो ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात, ओळखपत्र बघून देतात. त्या आठवड्यात सगळं घर कुलूप लावून पुण्याला लग्नाला गेलात तर पाकीट परत जाईल आणि पुन्हा धावपळ. रद्दचा शिक्का मारून परत मिळालेली जुनी पुस्तिका रद्दीत टाकू नका. आत अमेरिकेचा वगैरे चालू व्हिसा असेल तर तो तसाच चालतो, फक्त प्रवासात दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे.