किबुत्झवर पाहुणे जाताय? आधी कबरस्थान, मग जेवण

माझी नणंद लग्न होऊन इस्रायलमधल्या क्फार गिलादी या किबुत्झवर, म्हणजे सामाईक मालकीच्या शेतवस्तीवर गेली, लेबनॉनच्या सीमेला अगदी खेटून. पेण-अलिबागकडून कुणी आलं की त्यांना अश्दोद शहरातून तिथं नेणं माझ्याच गळ्यात पडतं. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सकाळी पोहोचा आणि पहिलं कबरस्थान गाठा. तिथं आकाशाकडे तोंड करून गर्जणारा दगडी सिंह आहे, 1934 सालचा. 1919-20 मध्ये शेजारच्या तेल हाय या वस्तीचं रक्षण करताना जे आठ जण गेले, त्यांचं हे स्मारक. खालच्या किर्यात श्मोना शहराच्या नावातलं ‘श्मोना’ म्हणजे हेच आठ. किबुत्झ त्याहून जुना, 1916 चा, ‘हाशोमेर’ या ज्यू पहारेकऱ्यांच्या संघटनेनं वसवलेला. तेल हाय 1926 मध्ये त्यात विलीन झालं. ऑगस्ट 2006 मध्ये इथंच रॉकेट पडून राखीव दलाचे 12 सैनिक गेले. तेव्हा सिंहासमोर हसरे सेल्फी नकोत.

आत शिरल्यावर यजमानांना जवळचा ‘मिक्लात’, म्हणजे बॉम्बपासूनचा निवारा, दाखवायला सांगा. लाजू नका. सीमा इतकी जवळ की सायरनवर भरवसा ठेवता येत नाही.

नावानं हाक मारा. हिब्रूत अहो-जाहो नाहीच. ऐंशीच्या आजोबांनाही ‘तू’. मला हे जमायला दोन वर्षं लागली.

सामाईक भोजनगृहात बसायची वेळ आली, तर टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या भांड्याकडे नीट बघा. ते ‘कोलबोयनिक’. काकडी-टोमॅटो प्रत्येकानं आपापले चिरायचे आणि साली, अंड्याची टरफलं त्यात टाकायची. पहिल्या भेटीत मला ती कोशिंबीर वाटली आणि मी चमचाभर वाढून घेतली! नणंदेनं टेबलाखालून लाथ मारली, तोवर अख्ख्या टेबलानं पाहिलं होतं.

राजकारण काढू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्धामुळे घरं सोडायला लावली, तेव्हा कुठं राहिलात, एवढं विचारा. बाकी ते आपणहून सांगतील. पूर्वी मुलं आईबापांजवळ न झोपता बालघरात झोपायची, त्याबद्दल मात्र म्हाताऱ्या बायका एकट्या असतानाच विचारा. पुरुषांसमोर ‘छान होतं’ एवढंच ऐकायला मिळतं.

भेट न्याल ती वाटून खाता येईल अशी न्या. साडी-ब्लाउज नेऊ नका. मी नेला होता. पुढच्या खेपेला पाहिलं, तर सामाईक धोबीखान्यानं त्याच्या गळ्याशी आतून नणंदेचा नंबर शिवला होता, आणि ती तो घालून कोंबड्यांना दाणे टाकत होती.