स्तनावरचा काळा डाग: या चुका टाळा

सोलापूरच्या उन्हाळ्यात खाजेला कोण विचारतं? मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई स्तनाग्रावर खपली दिसली, तर 'उष्णता झाली असेल' म्हणते आणि मेडिकलमधून ट्यूब आणते. सगळ्यात महाग चूक हीच. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असतं. खाज थांबते, लाली उतरते, पण ती खपली पॅजेटची, म्हणजे स्तनाग्राच्या कॅन्सरची असेल, तर आजार आत वाढत राहतो. इसब बहुतेकदा दोन्ही बाजूंना होतं. एकाच स्तनाग्रापासून सुरू झालेली, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली खपली किंवा डाग दिसला, तर त्वचेचा तुकडा काढून तपासायलाच हवा (बायोप्सी). पुरुषांनाही हा आजार होतो.

दुसरी चूक आम्हा डॉक्टरांची. काळा रंग दिसला की मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, हे नाव आधी तोंडात येतं. पण इंग्रज सर्जन जेम्स पॅजेट यांनी 1874 मध्ये वर्णन केलेला स्तनाग्राचा आजार, जो एरवी लालसर दिसतो, तोही क्वचित काळा असतो. कॅन्सरपेशींच्या मधे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी शिरतात, रंग आजूबाजूला साठतो आणि डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखालीही, फसगत होते. हा फरक नावापुरता नाही. पॅजेटमध्ये बहुतेक वेळा खाली दुधाच्या नलिकांत कॅन्सर असतो. नुसता डाग कापून टाकला तर तो आतच राहील. गाठ हाताला लागली नाही, मॅमोग्राफी स्वच्छ आली, तरी निर्धास्त होऊ नका. एमआरआयचा विचार करा.

डॉक्टरांनो, तुकडा वरवर खरवडून घेऊ नका, पूर्ण जाडीचा घ्या. फॉर्मवर 'त्वचा, काळा डाग' एवढंच लिहून पाठवलेले नमुने मी पाहिले आहेत. तपासणाऱ्याला तो स्तनाग्राचा आहे हे कळणार कसं? बाजू, जागा, गाठ, स्राव, सगळं लिहा.

मार्करमध्येही, म्हणजे पेशी कोणत्या प्रकारची हे ओळखायला लॅबमध्ये करतात त्या रंगचाचण्यांमध्येही, घाई नको. एस-100 या एकट्या मार्करवर मेलॅनोमा ठरवू नका; पॅजेटच्या काही पेशीही त्याला रंगतात. सीके-7, हर-2, मेलॅन-ए, सॉक्स-10 अशा मार्करांचा संच एकत्र वाचा. बोवेन (त्वचेच्या वरच्या थरातला कॅन्सर) आणि रंगीत बेसल सेल (त्वचेचा आणखी एक) कॅन्सरही डोक्यात असू द्या.

आणि पेशंटांनो, सिव्हिलला किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला दाखवायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. तुमचा तुकडा ज्यात ठेवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबमधून मागून घ्या.