एकच द्राक्ष, दोन खंड : ऑस्ट्रेलियन आणि युरोपीय रेड वाइनची तुलना कशी करावी

ऑस्ट्रेलियात नावाजलेल्या बहुतेक रेड वाइनची द्राक्षे मूळची युरोपातली आहेत. जेम्स बझ्बी याने १८३१ मध्ये स्पेन आणि फ्रान्समध्ये हिंडून वेलींच्या काड्या जमवल्या आणि त्या सिडनीला धाडल्या. तिथल्या अनेक बागांची वंशावळ त्या संग्रहापर्यंत मागे जाते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि त्या अमेरिकन खुंटांवर कलमे करून नव्याने उभ्या कराव्या लागल्या. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात ही कीड शिरू शकली नाही. त्यामुळे बरोसा खोऱ्यात १८४३ मध्ये लावलेल्या, स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या शिराझच्या वेली अजूनही फळ देतात. ज्याला आपण ‘नवे’ वाइन-जग म्हणतो तिथल्या काही वेली ‘जुन्या’ जगातल्या बहुतेक वेलींहून वयाने मोठ्या आहेत. द्राक्षाची जात एकच ठेवून दोन खंडांतल्या बाटल्या शेजारी मांडल्या, की हवामान, पिंप आणि वाइन करणाऱ्याचा हात यांपैकी कशाचा वाटा किती, हे जिभेवर ओळखता येते. मात्र दुकानातल्या फळीवरून हाताला लागतील त्या दोन बाटल्या उचलून ते साधत नाही. जोडी नीट निवडणे हेच या कामातले अवघड काम आहे आणि त्याला प्रत्यक्ष चव घेण्यापेक्षा जास्त विचार लागतो.

सुरुवात शिराझपासून करावी. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातले सिरा आणि ऑस्ट्रेलियातले शिराझ हे एकच द्राक्ष. इराणमधल्या शिराझ शहरातून ते आले, ही दंतकथा जनुकीय तपासणीने १९९८ च्या सुमारास निकालात काढली. द्यूरेझा आणि मोंदूझ ब्लांश या आग्नेय फ्रान्समधल्याच दोन जाती त्याचे जनक ठरल्या. बरोसा विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३४.५ अंशांवर, तर उत्तर ऱ्होनमधली एर्मिताजची टेकडी उत्तरेला ४५ अंशांवर आहे. बरोसात उन्हाने द्राक्ष भरपूर साखर धरते, त्या साखरेचा मद्यार्क होतो आणि लेबलवर १४ ते १५ टक्के हा आकडा दिसतो. उत्तर ऱ्होनमध्ये तो साधारणपणे १२.५ ते १३.५ च्या आसपास असतो, गरम वर्षी त्याहून वर जातो. बाटली उघडण्यापूर्वी हा आकडा वाचण्याची सवय लावून घ्यावी. वाइनचा बांधा कसा असेल, याबद्दल मागच्या बाजूच्या काव्यमय वर्णनापेक्षा तो आकडा अधिक सांगतो.

बरोसा शिराझ विरुद्ध एर्मिताज ही जोडी प्रसिद्ध असली तरी पहिल्या तुलनेसाठी मी ती सुचवणार नाही. एर्मिताज महाग आहे, तरुणपणी आखडलेली असते आणि बहुतेक वेळा तिच्या शेजारी कमी किमतीची, लगेच पिण्याजोगी बरोसा ठेवली जाते. मग जे दिसते ते देशांचे अंतर नसून किमतीचे आणि वयाचे असते. त्याऐवजी उत्तर ऱ्होनमधलीच क्रोझ-एर्मिताज किंवा सँ-जोसेफ घ्यावी आणि तिच्यासमोर एक नव्हे, दोन ऑस्ट्रेलियन बाटल्या ठेवाव्यात : एक बरोसाची आणि दुसरी कॅनबेरा परिसर किंवा व्हिक्टोरिया राज्यातले ग्रँपियन्स यांसारख्या थंड भागातली. ही तिसरी बाटली सगळा खेळ बदलते. ग्रँपियन्सची शिराझ चवीने बरोसापेक्षा फ्रान्सलाच जवळची निघाली, की देशाचे नाव आपल्याला वाटते तितके काही ठरवत नाही, हे ध्यानात येते. कॅनबेराजवळच्या क्लोनाकिला या वायनरीने तर उत्तर ऱ्होनमधल्याच कोत-रोती या भागाच्या रिवाजाप्रमाणे शिराझबरोबर थोडे व्हियोनिये हे पांढरे द्राक्ष आंबवून आपली ओळख निर्माण केली. एवढे मात्र पाहावे, की थंड भागातली बाटली २०२० च्या तोडणीची नसावी. त्या उन्हाळ्यातल्या वणव्यांचा धूर कॅनबेरासह अनेक भागांतल्या द्राक्षांत उतरला होता.

वर्षाचा हिशेब असा, की ऑस्ट्रेलियातली तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते आणि युरोपातली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. लेबलवर एकच साल असले तरी ऑस्ट्रेलियन वाइन सहा महिन्यांनी मोठी असते. याहून मोठा फरक त्या वर्षाच्या हवेचा पडतो. २०२१ मध्ये फ्रान्सला एप्रिलच्या हिमतुषाराने झोडपले आणि पुढचा हंगामही गारच गेला, तर २०२२ कडक उन्हाचे आणि कोरडे होते. २०२१ ची फ्रेंच बाटली ठेवली तर दोन देशांतले अंतर रुंदावलेले दिसेल, २०२२ ची ठेवली तर ते बरेच आक्रसेल. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे आहेत, फक्त आपण कोणत्या वर्षावरून बोलत आहोत, ते वहीत लिहिलेले असावे.

किमतीच्या बाबतीत भारतातल्या वाचकाने अधिकच सावध राहावे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार ५ अमेरिकन डॉलरच्या वर आयातमूल्य असलेल्या ऑस्ट्रेलियन बाटलीवरचे १५० टक्के शुल्क आरंभी १०० टक्क्यांवर, तर १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवरचे ७५ टक्क्यांवर आले आणि ते पुढे टप्प्याटप्प्याने उतरायचे ठरले. म्हणून मुंबई-पुण्याच्या दुकानात किंमत सारखी दिसली, तरी त्यामागे वायनरीच्या दारातली किंमत सारखी असेलच असे नाही. त्या त्या देशातली किरकोळ किंमत पाहून जोडी जुळवावी. मेलबर्न किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ऑस्ट्रेलियन बाजू स्वस्तात पडते, फ्रेंच बाजूवर मात्र वाहतुकीचा आणि करांचा भार असतो, हेही लक्षात घ्यावे.

आता मांडणी. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांसाठी होता. ३० अंशांच्या दिवाणखान्यात १४.५ टक्क्यांची बरोसा ओतली तर नाकाला आधी मद्यार्काचीच झिणझिणी लागते आणि फ्रेंच वाइनला आयता विजय मिळतो. सर्व बाटल्या फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणाव्यात. प्याले एकाच आकाराचे असावेत, आसपास उदबत्ती, अत्तर किंवा स्वयंपाकघरातली फोडणी नसावी. बाटल्या खाकी पिशव्यांत घालून वर गळ्याशी बांधाव्यात आणि ओतण्याचे काम चव न घेणाऱ्या कुणावर तरी सोपवावे. ऑस्ट्रेलियन बाटलीला बहुधा फिरकीचे झाकण आणि फ्रेंच बाटलीला बूच असते, तेव्हा झाकणेही नजरेआड हवीत. प्रत्येकी ५० मिलिलिटर पुरेसे आहे, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पंधरा जणांचे भागते. तोंडातला घोट टाकण्यासाठी एक भांडे ठेवावे. ते वापरायला संकोच वाटतो, पण तिसऱ्या प्याल्यानंतरचे कोणतेही मत धरण्यालायक नसते.

आधी केवळ वास घ्यावा, प्याला न हलवता आणि मग गोल फिरवून. उत्तर ऱ्होनच्या सिरात काळी मिरी, काळे ऑलिव्ह, धूर, कधी खारवलेल्या मांसाची झाक आणि जांभळ्या फुलांचा वास येतो. बरोसात पिकून मऊ झालेले जांभूळ आणि काळा मनुका, चॉकलेट आणि पिंप अमेरिकन ओकचे असेल तर व्हॅनिलाबरोबर सुक्या खोबऱ्याचा स्पष्ट वास मिळतो. खोबरे आणि व्हॅनिला द्राक्षातून आलेले नसतात, लाकडातून आलेले असतात. त्यांना ऑस्ट्रेलियाच्या मातीचा गुण समजणे ही या तुलनेतली सर्वांत सर्रास होणारी गफलत आहे. शक्य असल्यास दोन्ही बाजूंच्या बाटल्या फ्रेंच ओकमध्ये मुरलेल्या निवडाव्यात, म्हणजे हा गुंता मुळातच सुटतो. मिरीच्या वासाचे कारण आता नेमके ठाऊक आहे : रोटुंडोन नावाचे संयुग, जे मिरीच्या दाण्यातही असते. ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शिराझमधला त्याचा वाटा २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ते थंड जागी पिकलेल्या द्राक्षात अधिक साठते, आणि गंमत अशी की पाचातल्या सुमारे एका माणसाला ते मुळी जाणवतच नाही. तेव्हा शेजारच्याला मिरी येते आणि आपल्याला येत नाही, यावरून वाद घालू नये.

मग घोट. तो तोंडात घोळवून टाकल्यावर तीन ठिकाणी लक्ष द्यावे. जिभेच्या कडांना पाणी सुटते ते आम्लतेमुळे. हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळल्यासारखी कोरडी होते ती टॅनिनच्या तुरटपणामुळे. घशाशी ऊब उतरते ती मद्यार्कामुळे. फ्रेंच बाजूला पहिल्या दोन खुणा ठळक आणि तिसरी मवाळ, तर बरोसात बहुधा उलट. पण आम्लतेवरून फार मोठा निवाडा देऊ नये. ऑस्ट्रेलियात उष्ण भागातल्या रसात टार्टारिक आम्ल घालणे कायदेशीर आणि नेहमीचे आहे. फ्रान्समधल्या बोर्दो आणि बर्गंडी या प्रांतांत थंड वर्षी रसात साखर घालून मद्यार्क वाढवण्याची मुभा आहे. एकाला बनावट आणि दुसऱ्याला परंपरा म्हणणारे लोक मला कधीच पटले नाहीत.

कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाची तुलना वेगळ्या कारणाने फसते. बोर्दोच्या मेदोक भागातली वाइन जवळपास नेहमी मर्लो आणि इतर द्राक्षांचे मिश्रण असते आणि लेबलवर द्राक्षाचे नाव बहुधा नसतेच. तिच्यासमोर दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कुनावारा भागाची निव्वळ कॅबर्नेची बाटली ठेवली, की मर्लोने आलेला मऊपणा आपण फ्रान्सच्या खात्यात जमा करतो. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मार्गारेट रिव्हरची कॅबर्ने-मर्लो घ्यावी. जॉन ग्लॅडस्टोन्स या कृषिशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या मध्यात तिथले हवामान बोर्दोशी ताडून पाहिले आणि त्यानंतरच तिथे बागा उभ्या राहिल्या, त्यामुळे ही जोडी जन्मापासूनच जुळलेली म्हणता येईल. फ्रेंच बाजूला शिसपेन्सिल, देवदार आणि थंड वर्षी हिरव्या ढोबळी मिरचीचा वास शोधावा. ऑस्ट्रेलियन बाजूला फळ अधिक पिकलेले लागते. कुनावाराची लाल माती आणि तिच्याखालचा चुनखडक प्रसिद्ध आहे, तिथल्या कॅबर्नेत पुदिन्याची छटा असते. पण निलगिरी तेलासारखा वास आला तर त्याचे बरेचसे श्रेय बागेच्या कडेला उभ्या असलेल्या निलगिरीच्या झाडांना जाते, कारण त्यांची पाने आणि तेलाचा अंश द्राक्षांबरोबर टाकीत पोहोचतो.

पिनो न्वार या द्राक्षासाठी व्हिक्टोरियातली यारा व्हॅली किंवा मॉर्निंग्टन पेनिन्सुला आणि साधी बुर्गोन्य रूज, म्हणजे बर्गंडीची साधी रेड, एवढे पुरे. गावांच्या नावाची बर्गंडी घेतली की किमतीचा तोल जातो. ग्रनाश या द्राक्षाची तुलना मात्र आवर्जून करावी. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मॅक्लारेन व्हेलमध्ये तिच्या जुन्या, झुडपासारख्या छाटलेल्या वेली आहेत आणि गेल्या काही वर्षांत तिथले लोक द्राक्ष लवकर तोडून, नव्या ओकचा सोस सोडून फिकट, सुगंधी ग्रनाश करू लागले आहेत. तिच्याजवळ स्पेनमधल्या ग्रेदोस डोंगरांतली गार्नाचा (ग्रनाशचेच स्पॅनिश नाव) ठेवली तर जाणकारांचाही अंदाज चुकतो. माझ्या मते आज दोन खंडांतले अंतर सर्वांत कमी उरले आहे ते इथेच.

पिशव्या काढण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्याचे एक कारण लिहून द्यावे. नुसता अंदाज बरोबर येणे हा योगायोग असू शकतो. जेवण त्यानंतरच वाढावे, कारण तिखटाने मद्यार्काची आग वाढते आणि झणझणीत रश्श्याशेजारी बरोसा विनाकारण बदनाम होते. उरलेल्या बाटल्या झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखाव्यात. पहिल्या दिवशी आखडलेली मेदोक बहुधा मोकळी झालेली असते, शिराझ आपली जागा धरून असते. ग्रनाशला हवा लवकर बाधते, म्हणून ती बाटली मात्र पहिल्याच रात्री संपवलेली बरी.